लसीचा नव्हे, पोषणाचाही दिवस : गावात कोण काय करतं?

हिंगोली : हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत अंगणवाडीत महिन्यातून एकदा ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस असतो. बऱ्याच घरांत तो 'लसीचा दिवस' म्हणूनच माहीत आहे. बाळाला सुई टोचली की आई परत फिरते. वजन आणि आहाराची माहिती राहूनच जाते.

कोणाचं काम काय?
अंगणवाडी ताई वजन-उंची घेतात. उपकेंद्राच्या सिस्टर लस देतात, गरोदर बायांना तपासतात, रक्तवाढीच्या गोळ्या देतात. आशाताई घरोघर निरोप पोचवतात. बचत गटाच्या महिला परसबाग लावतात. या सगळ्यांची सांगड घालायची ती गावच्या आरोग्य, पोषण समितीनं.

दंडाची पट्टी
6 महिने ते 5 वर्षांच्या लेकराच्या दंडाचा घेर पट्टीनं मोजतात. 11.5 सेंमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 च्या आत म्हणजे मध्यम. दोन्ही पायांवर सूज दिसली तर थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा. लेकरू आजारी नसेल, भूक चांगली असेल तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात जादा आहार देता येतो. आजारी असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करतात.

ताटात काय?
पहिले 6 महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, घुट्टी नाही. पुढे वरणात कुस्करलेली भाकर, मुगाची खिचडी, अंडं, शेंगदाण्याचं कूट, शेवग्याचा पाला. सोयाबीन, हळद मोंढ्यावर जाते. ताटातली भाजी परसातच पिकवावी लागते.

ऊसतोडीला जाताना
दिवाळीनंतर अनेक घरं तोडीला जातात, अन् लेकरांचा आहार तिथंच तुटतो. निघण्याआधी अंगणवाडीत सांगावं, माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं. 2021 पासून नोंद पोषण ट्रॅकरवर असते, त्यामुळं दुसऱ्या गावच्या अंगणवाडीतही लाभ मागता येतो.

खरी अडचण वेळेची आहे. खुरपणी, काढणीच्या दिवसांत आई सकाळीच शेतात असते. समितीनं आदल्या दिवशी दवंडी द्यावी आणि मालकांनी मजुरी न कापता दोन तास सोडावं. एवढं ठरलं तर पट्टी प्रत्येक दंडापर्यंत पोचेल.