गारदी : एका शब्दाची कैफियत



उदगीरचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीर-औशाच्या टापूत सदाशिवरावभाऊंनी निजामाचा मोड केला आणि सुमारे ६० लक्षांचा मुलूख मिळवला. या यशात इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा व पलटणींचा वाटा मोठा होता. तरीही आज कोणाला ‘गारदी’ म्हटले, तर तो फौजदारी करायला उठेल! असे का व्हावे?

गारदी ही जात नव्हे, धर्मही नव्हे. तो पेशा होता. १७५१ ते १७५८ या काळात फ्रेंच सेनानी बुसी निजामाच्या पदरी होता. त्याच्या हाताखाली युरोपीय कवायत शिकलेले पायदळ म्हणजे गारदी. इब्राहिमखान त्याच तालमीत तयार झाला. पहाऱ्याच्या ‘गारद’ शब्दाशी याचे नाते उघड दिसते. पश्चिमेकडचा या अर्थाच्या अरबी ‘गर्बी’ शब्दाकडेही काहीजण बोट दाखवतात.

याला युरोपात एक जुळा भाऊ आहे. श्वीत्स या लहानशा परगण्यावरून स्वित्झर्लंड हे नाव पडले, आणि तिथले लोक ‘स्विट्झर’ झाले. डोंगराळ, गरीब मुलूख. तरणी पोरे परक्या राजांची चाकरी करीत. त्यामुळे इंग्रजीत ‘स्विट्झर’ म्हणजे राजाचा पगारी रक्षक झाला, तर फ्रेंचांत ‘स्विस’ म्हणजे दारावरचा पहारेकरी. १५०६ पासून पोपचा पहारा त्यांच्याकडे आहे. १० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसच्या राजवाड्यापुढे शेकडो स्विस शिपाई मारले गेले. त्यांच्या निष्ठेचे स्मारक ल्युसर्नला उभे आहे.

आपल्या गारद्यांनीही पानिपतावर, १४ जानेवारी १७६१ रोजी, निष्ठेची अशीच किंमत मोजली. इब्राहिमखान जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला व मारला गेला. पण ३० ऑगस्ट १७७३ उजाडला. थकलेल्या पगाराचे निमित्त करून सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ हे गारदी शनिवारवाड्यात घुसले आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दोष राघोबादादांवर ठेवला. भाषेने मात्र तो गारद्यांवर ठेवला. तेव्हापासून गारदी म्हणजे भाडोत्री मारेकरी.

तात्पर्य, पेशा दोघांचा एकच. एका शब्दाला निष्ठेचा दिवस चिकटला, दुसऱ्याला खुनाचा. शनिवारवाडा विसरा, असे मी म्हणत नाही. पण उदगीरच्या बुरुजावर उभे राहाल, तेव्हा या शब्दाची दुसरी बाजूही ऐकून घ्या, एवढेच मागणे.