पिशवीतला चहा आणि पोटातले बाळ

"डॉक्टर, टपरीवरून पिशवीत आणलेला चहा गरोदरपणात चालतो का?" उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडच्या गरोदर स्त्रियांचा हा नेहमीचा प्रश्न. आधी थोडा इतिहास सांगतो. उत्तर त्यातच आहे.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेव्हा बराकींतल्या संसारात प्लास्टिक जवळपास नव्हतेच. पण बिस्फेनॉल-ए (बीपीए) हे रसायन १८९१ मध्येच तयार झाले होते. ते इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे वागते, हे लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ मध्ये दाखवले. १९३८ मध्ये त्यांनी डीईएस हे कितीतरी प्रभावी औषध शोधले आणि बीपीए मागे पडले. १९५० च्या दशकात ते परतले, कडक पारदर्शक प्लास्टिकचा कच्चा माल म्हणून.

वार म्हणजे भिंत नव्हे

गर्भपात टळावा म्हणून डीईएस लाखो गर्भवतींना दिले गेले. वार बाळाला सगळ्यापासून वाचवते, असा तेव्हा समज होता. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉ. आर्थर हर्ब्स्ट यांनी दाखवले, की अशा मातांच्या तरुण मुलींना योनीमार्गाचा दुर्मीळ कर्करोग होत होता. डीईएस प्लास्टिकमध्ये नसते, त्यामुळे घाबरू नका. पण धडा मोठा होता: आईच्या शरीरातले बाळापर्यंत पोहोचते आणि परिणाम वर्षांनंतरही दिसू शकतो.

आज बीपीए आणि प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट्स नाळेच्या रक्तातही सापडतात. २०२२ मध्ये अमेरिकेतील १६ अभ्यासांतल्या सुमारे ६,००० गर्भवतींची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांच्या लघवीत काही थॅलेट्स जास्त होती, त्यांच्यात वेळेआधी प्रसूतीचे प्रमाण थोडे जास्त आढळले. वेळेआधी जन्मलेल्या बाळाची वाढ सुरुवातीलाच मागे पडू शकते. पुढे मुलाचे वजन आणि उंची यांवर काय परिणाम होतो, याबद्दलचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत.

भारतीय मानकानुसार २०१५ पासून बाळाच्या प्लास्टिकच्या दूधबाटलीत बीपीए चालत नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आणली, ती मुख्यतः कचरा आणि तुंबणारे नाले यांमुळे. पण बाटली बाळाच्या हाती येते जन्मानंतर. त्याआधीचे नऊ महिने आईच्या ताटावर अवलंबून असतात.

मग काय करायचे?

गरम आणि तेलकट पदार्थांत ही रसायने सहज उतरतात. पातळ पिशवी नेमकी कशापासून बनली, हे तुम्हालाही कळत नाही आणि टपरीवाल्यालाही. म्हणून चहा, डाळ, रस्सा स्टीलच्या डब्यातून आणा. मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिक ठेवू नका. लोणचे काचेच्या बरणीत ठेवा.

आजवर पिशवीतला चहा प्यायला असाल, तर स्वतःला दोष देऊ नका. बाळाच्या वाढीसाठी लोहाच्या गोळ्या, पुरेसा आहार आणि वेळेवर तपासणी यांचे महत्त्व जास्त आहे. त्या सांभाळा आणि उद्यापासून टपरीवर जाताना स्टीलची किटली न्या.