धाव आणि टायर

मोटारीचा टायर आपल्याकडे विलायतेतून आला हे खरे. पण चाकाला बाहेरून वेढणाऱ्या वस्तूला आपल्या भाषेत फार जुने नाव आहे. ते नाव धाव. बैलगाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी ती धाव. लाकूड झिजू नये एवढ्यासाठीच ती असते, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक मधला तुंबा, त्यातले आरे आणि आऱ्यांच्या टोकांवरचे बाभळीचे पुठ्ठे यांना आवळून धरण्याचे काम तिचेच.

आमच्या माणदेशात धाव बसविताना मी लहानपणी पुष्कळदा पाहिले आहे. सुताराचे चाक तयार झाले की लोहार त्याचा घेर मोजी आणि धाव त्याहून किंचित लहानच करी. मग गोवऱ्या रचून ती तापवावयाची, लाल झाली की चौघांनी सांडशींनी उचलून चाकावर टाकावयाची, घणाने ठोकून बसवावयाची आणि लगोलग पाणी ओतावयाचे. वाफेचा लोट उठे, चाक कडकड वाजे आणि सगळे सांधे घट्ट होत. चौदा फूट घेराची धाव लाल होईतो तापली की सुमारे एका इंचाने वाढते. निवताना तो इंच ती परत घेते आणि त्यातच चाक आवळले जाते. लोहाराने पदार्थविज्ञानाचे पुस्तक कधी उघडले नव्हते; पण घेर किती कमी ठेवावयाचा हे त्याचा हात बरोबर जाणे.

लोखंडाला एक गोष्ट मात्र साधत नाही. ते हादरा गिळत नाही. ते काम रबराने केले. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक घालून रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली. १८४५ साली रॉबर्ट थॉमसनने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. पण त्या कल्पनेचा जगाला विसर पडला. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच युक्ती नव्याने योजिली. मौज अशी की त्याच १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या सायकलींच्या दुकानाची सुरुवात झाली. पुढे १९१० मध्ये त्यांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. आमची आटपाडीही त्याच संस्थानातली.

हवेचा टायर आला तसे पंक्चरही आले. त्यावर तोड काढली वेल्समधल्या लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी. १९०४ साली त्यांनी जादा चाक विकावयास काढले. त्यांचे दुकान ज्या रस्त्यावर होते त्याचे नाव स्टेपनी. विलायतेत हा शब्द आता फारसा कोणी ओळखत नाही. पण दहिवडीपासून जतपर्यंत कोणत्याही ड्रायव्हरला विचारा, स्टेपनी त्याला ठाऊक आहे!

टायर घरच्या घरी हाताने बदलण्यात एकच मर्म आहे. टायरच्या कडेत पोलादी तारा असतात व त्या ताणल्या जात नाहीत. म्हणून नुसता जोर लावून कड रिमवरून निघत नाही. हवा सोडून एका बाजूची कड रिमच्या मधल्या खळग्यात ढकलावी लागते. मग समोरच्या बाजूला जी ढिलाई मिळते, तेथे लोखंडी पट्टी घालून कड वर घ्यावयाची. धावेत घेर तापवून वाढवीत, येथे खळग्यात लपवून ठेवतात, इतकाच फरक.

आता तोल. बैलगाडीला तोल साधण्याची गरज कधी पडली नाही, कारण बैल तासाला तीनचार किलोमीटर चालणार. मोटारीचे तसे नाही. तीस सेंटिमीटर त्रिज्येच्या टायरवर एके ठिकाणी पन्नास ग्रॅम वजन अधिक असेल आणि वेग ताशी ऐंशी किलोमीटर असेल, तर चाक प्रत्येक फेऱ्यात सुमारे आठ किलोच्या जोराने हिसका देते. हा दोष हाताने हुडकता येतो. चाक आसावर अगदी मोकळे फिरेल असे ठेवावे व सोडून द्यावे. जड बाजू खाली येऊन थांबते. तिच्या बरोबर समोर, वरच्या टोकाला, शिशाचा तुकडा लावावा. चाक कोठेही थांबू लागले की झाले. मात्र चाकाच्या आतल्या व बाहेरच्या अंगांतला तोल अशाने कळत नाही. त्यासाठी चाक वेगाने फिरविणारे यंत्रच हवे.

या बदलाची किंमत कोणी दिली? लाकडी चाकाचे काम बलुत्यावर चाले. सुतार-लोहारांना खळ्यावर धान्य मिळे. पीक बुडाले की शेतकऱ्याबरोबर तेही उपाशी राहत. त्या व्यवस्थेचे गोडवे मी गाणार नाही. पण दुष्काळात चाक मोडले तरी गावातल्या गावात, पैशाविना ते उभे राहत असे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या माणसांनी खडी फोडली. अशा कामांतून रस्ते झाले आणि त्यांवरून रबरी चाके आली. ऊसतोडीला निघालेल्या टायरगाडीच्या बैलांना ओझे हलके झाले, हा लाभ थोडा नव्हे. परंतु टायर रोख पैशानेच घ्यावा लागतो, मग वर्ष कसेही असो. माझ्या पाहण्यातल्या काही लोहारांची मुले पुढे पंक्चर काढू लागली. घण गेला, पाना आला. बाकीच्यांना गाव सोडावे लागले.

दिवाळीला मोटार घेऊन गावी निघणाऱ्या वाचकांना म्हणूनच सांगावेसे वाटते: निघण्यापूर्वी सपाट अंगणात चाकांना दगड लावा, जॅक द्या आणि स्टेपनी एकदा स्वतःच्या हाताने बसवून पाहा. चाक भुईवर असतानाच नट सैल करा. मुलामुलींनाही पाना धरू द्या. रात्री शिंगणापूरच्या वाटेवर टायर बसला, तर गोवऱ्या पेटवून वाट पाहणारा लोहार आता तेथे नाही.