दारूगोळ्याचा कायदा आणि गोदीतील माणूस

पनवेलहून शिरढोण ते कितीसे लांब! वासुदेव बळवंत फडके 1845 साली तेथे जन्मले आणि त्यांनी बंड उभारले ते 1879 साली. म्हणजे हिंदी शस्त्रकायदा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. दारूगोळ्याची विक्री व साठा यांवर सरकारने किती बंधने घालावीत, आणि लोकांनी विरोध करावा तो नेमका कशाला, हा प्रश्न आपल्या तालुक्याला परका नाही.

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत 1878 साली तो कायदा झाला. बंदूक बाळगायची तर परवाना, काडतुसे विकायची तर परवाना. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट! साहेबाच्या कपाटात जी काडतुसे निर्धोक, तीच रानडुकरांपासून भात राखणाऱ्या कुळाच्या घरी धोक्याची कशी होतात, याचे उत्तर सरकारपाशी नव्हते. 1887 साली मद्रासच्या काँग्रेसने या कायद्यात दुरुस्ती मागणारा ठराव केला. अध्यक्ष होते आपल्या मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी. कातडीच्या रंगावरची सूट 1920 च्या नियमांनी गेली. 1931 साली कराचीच्या काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या यादीत शस्त्राचा हक्क घातला, तोही नियमांच्या अधीन राहून. घटना समितीत 1948 साली हरि विष्णु कामतांनी तो हक्क पुन्हा मागितला. समितीने तो मानला नाही. मग 1959 साली नवा शस्त्रकायदा आला.

हा विरोध न्याय्य होता, असेच आम्ही म्हणतो. परंतु आम्ही पडलो कामगार-चळवळीतले. शाळा थोडी, वाचन फावल्या वेळचे. ते वाचताना एक गोष्ट आम्हाला सारखी टोचत राहिली. वाद झाला तो घरातल्या बंदुकीचा. जहाजाच्या पोटातून दारूच्या पेट्या पाठीवर काढणाऱ्या हमालाचे नाव त्यात कोणी घेतले नाही. त्याच्या बाजूने असलेला नियम निराळाच होता, आणि तो मोडला गेला तेव्हा विरोधाला कोणी उभे राहिले नाही.

'फोर्ट स्टिकीन' ही बोट 12 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागली. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटके व दारूगोळा; वर कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या आणि तेलाची पिंपे. कापूस आणि स्फोटके एकाच खणात! शांततेच्या काळात असा माल गोदीत आणत नसत. बोट बाहेर नांगरून तो पडावांत उतरवीत, आणि बोटीवर तांबडे निशाण लावीत. युद्धाच्या घाईत हे दोन्ही नियम सैल झाले. निशाण नव्हते, म्हणून शेजारच्या बोटींवरच्या माणसांना आपण कशाजवळ उभे आहोत हेही कळले नाही.

14 तारखेला दुपारी कापसातून धूर निघाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, चार चौतीसला दुसरा. 66 बंबवाले ठार झाले. एकूण मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत सांगतात. हा फरक का पडावा? रोजावर आलेल्या हमालाचे नाव कोणत्या वहीत असते, ते आम्हाला विचारा. ऐंशी हजार माणसे बेघर झाली. चौदा एप्रिल हा आज अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

घरातल्या काडतुसावर राज्यकर्त्यांची करडी नजर, आणि गोदीतल्या चौदाशे टनांना मोकळी वाट! म्हणून दारूगोळ्याच्या नियमांना सरसकट विरोध करणाऱ्याशी आमचे जुळत नाही. माणसामाणसांत भेद करणारा नियम झुगारावा. पण दारू आणि माणूस यांच्यात अंतर ठेवणारा नियम कामगाराने उलट मागून घ्यावा.

यावर उरणचे लोक आम्हाला अडवतील, आणि त्यांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. करंजाच्या नौदल शस्त्रागाराभोवती सुरक्षा-पट्टा राखण्याचा प्रस्ताव निघाला, तो गेल्या शतकाच्या अखेरीपासून तेथल्या घरांवर टांगला गेला आहे. लोकांनी त्याला वारंवार विरोध केला. अंतर हवे हे त्यांनाही पटते. पण त्या अंतराची किंमत एकट्या कोळ्याने आणि आगऱ्याने आपल्या घराच्या जागेने का मोजावी, हा त्यांचा सवाल आहे. संरक्षणाच्या बांधकामांभोवती जमिनीच्या वापरावर बंधने घालणारा 1903 चा कायदा आहे, आणि नुकसानभरपाईची तरतूद त्याच कायद्यात आहे. बंधनाचे कलम सरकार वाचून दाखवील. भरपाईचे कलम उरणकरांनी वाचून दाखवावे.