बेसमन : एका ध्वनिवर्धकाची घडण

आम्ही कामगार चळवळीतले. वाद्यांच्या विषयावर आम्ही काय बोलणार, अशी शंका काही श्रोत्यांना आली असेल. ती रास्त आहे. सुरांचे ज्ञान आम्हांस बेताचेच. परंतु ध्वनिवर्धकाशी आमचा जुना संबंध आहे; गेटसभेत कर्णा बिघडला की चांगले भाषणही वाया जाते, हा धडा आम्ही अनेकदा घेतला आहे.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचे गृहस्थ रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवीत. मूळचे हिशेबनीस, गिटार वाजवणे त्यांना कधीच जमले नाही. १९५१ साली त्यांनी विजेवर चालणारी खर्जाची गिटार बाजारात आणली. तोवर वाद्यवृंदात खर्ज सांभाळणारा माणूस पुरुषभर उंचीचा डबल बेस वाहून नेई, आणि एवढे करून ट्रंपेटच्या गजरात त्याचे वादन धड ऐकूही येत नसे. नवे वाद्य सुटसुटीत झाले, पण विजेवाचून ते जवळजवळ मुके! म्हणून १९५२ मध्ये त्याच्या जोडीला ‘बेसमन’ हा ध्वनिवर्धक आला.

खर्जाला पुष्कळ हवा हलवावी लागते. पहिल्या बेसमनमध्ये १५ इंचांचा एकच स्पीकर होता. फार जोर दिला की त्याचा दम सुटे. पुढे १९५४-५५ च्या सुमारास त्याच्या जागी १० इंचांचे चार बसविले. धाकट्यांनी थोरल्याची जागा घ्यावी, हे आम्हांस प्रथम पटेना. मग हिशेब मांडला. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. १५ चा वर्ग २२५. १० च्या वर्गाची चौपट ४००. म्हणजे हवा ढकलणारा पडदा जवळजवळ पावणेदोनपट, आणि भार चौघांत वाटलेला. संघटनेचा अर्थ इतक्या थोडक्यात आम्हांस कधी सांगता आला नव्हता.

गंमत अशी की, खर्जासाठी बांधलेले हे यंत्र साध्या गिटारवाल्यांनीच उचलले. व्हॉल्व्हवर ताण आला की स्वर किंचित फाटतो. कारागिराच्या दृष्टीने तो दोष, वादकांना तोच गोड लागला. १९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या दुकानातील मंडळींनी बेसमनचीच मांडणी समोर ठेवून आपला पहिला ध्वनिवर्धक जुळवला. पुढल्या रॉक संगीताचा गडगडाट पुष्कळसा त्या घराण्यातला.

परंतु आम्ही हा विषय घेतला तो एका चिकटपट्टीसाठी. त्या काळच्या फेंडर ध्वनिवर्धकांची पाठ उघडली, की आत पुष्कळदा कागदी पट्टीचा तुकडा आढळतो आणि त्यावर हाताने लिहिलेले एक नाव. आडनाव नाही, नाव बहुधा बाईचे. तारा जोडून डाख देणाऱ्या कामगार स्त्रीचे ते नाव. यांतल्या कितीतरी जणी मेक्सिकन वंशाच्या होत्या. आमचा कारखान्यांतला अनुभव असा, की अशी नावे लिहून घेतात ती शाबासकीसाठी नव्हे; चूक निघाली तर कुणाला बोलवायचे, हे कळावे म्हणून.

१९६५ साली सीबीएस कंपनीने फेंडरचा सारा कारखाना १ कोटी ३० लाख डॉलरांना घेतला. आज जुना बेसमन विकत घेणारे शौकीन बॅटरी घेऊन आत डोकावतात आणि यंत्र अस्सल आहे का, हे पाहताना ती पट्टी शोधतात. नाव शाबूत असेल तर त्यांना आनंद होतो.