लोंगेवालाच्या वाळूतले माग

लोंगेवाला म्हटलं की डोक्यात लगेच 'बॉर्डर' सुरू होतो. ४ डिसेंबर १९७१ची रात्र, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी, त्यांचे सुमारे १२० जवान आणि समोर पाकिस्तानी रणगाडे. जैसलमेरची आपली हंटर विमानं रात्री हल्ला करू शकत नव्हती, म्हणून चौकीला पहाटेपर्यंत तग धरायचा होता. उजाडलं आणि पारडं फिरलं. उघड्या वाळूत रणगाडा लपवणार कुठे? हवेतून घेतलेला एक फोटो तेव्हापासून गाजतोय. विमानांना चुकवत रणगाडे गरागरा फिरलेत आणि वाळूवर त्यांच्या मागांची नुसती वेटोळी उमटलीत.

याच वाळूत लपण्यात पटाईत असलेला एक गडी राहतो. तळहातावर मावेल एवढा सरडा. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे आर. सी. शर्मा यांनी युद्धानंतर सात वर्षांनी, १९७८ला, ही नवी जाती म्हणून नोंदवली आणि नावात लोंगेवाला घातलं. फ्रायनोसिफॅलस लौंगवालाएन्सिस! १९९२ला अर्नोल्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याला वेगळ्या प्रजातीत टाकलं, बुफोनिसेप्स. गंमत बघा, जुना शब्द ग्रीक, नवा लॅटिन, अर्थ दोन्हींचा 'बेडूकडोक्या'. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, व्हेरिएबलचं नाव बदललं, व्हॅल्यू तीच.

आता हा शोधायचा कसा? अंगावर वाळूच्याच रंगाचे ठिपके. शरीर इतकं चपटं, की जमिनीला चिकटला की सावलीही पडत नाही. आणि धोका वाटला की अंग थरथरवत जागच्या जागी वाळूत बुडतो. दोन सेकंदांत गायब! म्हणून फोटोवाले सरडा शोधतच नाहीत, माग शोधतात. तेही सकाळी, कारण तिरप्या उन्हात एवढ्याशा पावलांच्या खळग्यांनाही सावली असते. माग जिथे संपतो, तिथेच स्वारी. मग पोटावर आडवं व्हायचं आणि गप्प वाट बघायची. उकरायचं नाही, प्लीज.

पण त्याला बुडायला भुसभुशीत, उघडी वाळू लागते. आपण मात्र अशा टेकड्यांना कागदोपत्री 'पडीक' म्हणतो. इंदिरा गांधी कालवा आला, वाळू थोपवायला इस्रायली बाभळीसारखी झाडं लावली गेली. शेतीला आणि रस्त्यांना त्याचा फायदा झाला, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मुळांनी वाळू घट्ट धरली की या सरड्याचं घरच बंद होतं. वाळवंट हिरवं झालं म्हणून टाळ्या वाजवताना हा हिशेब कुणी मांडत नाही, आणि मला तो खटकतो.

लोंगेवालाला आज युद्धस्मारक आहे, रणगाड्यांसमोर सेल्फीची गर्दी असते. जाणार असाल तर जैसलमेरहून अंधारातच निघा. वारा सुटला की माग पुसले जातात.