शब्दवेध : फ्लुओरेसन्स

कोरपना म्हटलं की चुनखडी आणि सिमेंट. पण याच चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला फ्लोरस्पारही सापडतो आणि ‘फ्लुओरेसन्स’ हा शब्द त्याच्याच घरचा. मूळ लॅटिन ‘फ्लुएरे’, म्हणजे वाहणे. धातू गाळताना हे खनिज टाकलं की धातुमळी पातळ होऊन वाहते, म्हणून हे नाव. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स क्विनाइनच्या द्रावणावर प्रयोग करत होता. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पडले की द्रावण निळं उजळे. काही फ्लोरस्पारही तसेच उजळतात, म्हणून त्याने दगडाचं नाव थेट प्रकाशाला दिलं.

चेतापेशींचे धागे शोधणाऱ्यांनी तर वाहण्याचा मूळ अर्थही खरा केला. ‘डायआय’ हा फ्लुओरेसंट रंग पेशीच्या स्निग्ध आवरणात मुरतो आणि त्यातूनच पुढे पसरत जातो, अगदी जतन केलेल्या मृत ऊतीतही. तिथे मात्र घाई चालत नाही. काही मिलिमीटरला आठवडे लागतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा प्रकाश टाकायचा, की अख्खा धागा नारिंगी-लाल पेटतो. शेजारच्या पेशीत हा रंग सहसा उतरत नाही, म्हणूनच माग चोख लागतो.

आणि एवढं फ्लोरस्पारचं नाव मिरवणाऱ्या या रंगाच्या रेणूत फ्लोरीनचा एकही अणू नाही!